डोंगराचा वाटा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या डोक्यावर एक चौकोनी लाकडी जाळी धूळ खात पडलेली दिसते ना, ती मी. कुणाला मी मोडक्या खिडकीचा तुकडा वाटते. मागच्या वर्षी तर एका मुलीने मला उंदराचा सापळा म्हटलं, ते माझ्या मनाला फार लागलं. मी रानातली झुडपं, गवतं आणि फुलं दाबून वाळवायची चौकट आहे. जुनी आहे, एका कोपऱ्याला चिरले आहे, पण माझी पकड अजून शाबूत आहे. माझ्या दोन जाळ्यांच्या मधे कागदाच्या घडीत फूल ठेवा, पट्टे आवळा आणि आठ दिवसांनी उघडून बघा. फूल वाळलेलं असेल, पण त्याची एक पाकळी इकडची तिकडे झालेली नसेल.

बढाई मारायची मला सवय आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात एक जागा अशी येते की तिथे मला मान खाली घालावी लागते. ती जागा मी गाळणार नाही.

माझा जन्मच मुळी एका फजितीतून झाला. राधाकिशन नावाचा एक तरुण बीडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता. सत्तर सालच्या भादव्यात तो नारायणगडाच्या पलीकडच्या डोंगरात भटकायला गेला. तिथे गवतात त्याला एक नाजूक वेल दिसला आणि वेलावर एक फूल. फूल कसलं, इवलासा कंदीलच तो. खाली फुगीर पोट, वर हिरवट पांढरी नळी आणि शेंड्याला पाच जांभळ्या पाकळ्या, टोकाशी एकमेकींना जुळलेल्या. अशा फुलांची चित्रं त्याने पुस्तकात पाहिली होती, पण आपल्या भागात हे मिळाल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. राधाकिशनला आनंदाने काही सुचेना. त्याने वेल कंदासकट उपटला, जेवणाच्या डब्यात कोंबला, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने थेट पुणे गाठलं.

पुण्यात वनस्पतींचे एक मोठे जाणकार सर होते. त्यांनी डबा उघडला. आत काळा पडलेला एक गोळा होता आणि त्याला ठेच्याचा वास येत होता. सरांनी विचारलं, "ही भाजी कुणी केली?" खोलीतले सगळे हसले. राधाकिशनला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर मनाने चांगले होते. त्यांनी त्याला जवळ बसवून समजावलं, की नुसत्या सांगण्यावर आम्हाला काही लिहून घेता येत नाही. कंदापासून फुलापर्यंत अख्खा वेल नीट वाळवून, कागदावर लावून आण, मग आमच्या नोंदवहीत तुझ्या डोंगराचं नाव लागेल. तेवढं एक वाक्य घेऊन राधाकिशन परत आला, आणि त्याच्या आयुष्याची पुढची सतरा वर्षं त्या वाक्याने खाल्ली.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी झालाच नाही. तो बाहत्तरचा दुष्काळ. तुमच्या आजीआजोबांना विचारा. विहिरींनी तळ गाठले, गोठे रिकामे झाले, आणि बायामाणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. राधाकिशनच्या वडिलांनी चाऱ्याअभावी बैलजोडी विकली आणि दारात नुसती गाडी उभी राहिली. त्या गाडीच्या साट्याच्या, म्हणजे वरच्या चौकटीच्या, लाकडातून मी घडले. गावच्या आश्रुबा सुताराकडे त्या वर्षी ना नांगर आला होता ना कुळव, म्हणून तो बसूनच होता. राधाकिशनने कागदावर माझं चित्र काढून दिलं तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"ही कशाची खाट म्हणायची?" आश्रुबाने विचारलं.

"फुलांची," राधाकिशन म्हणाला.

"निजवा बाबा फुलांना खाटंवर. माणसं खडी फोडाया गेलीत."

बोलला असा, पण माझं काम त्याने मन लावून केलं. एकेक पट्टी रंध्याने अशी तासली की पाकळीला कूस लागू नये. बांधायचे पट्टे मिळेनात, तेव्हा विकलेल्या बैलांच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्यांचे घुंगरू काढून त्याने ते मला लावले. जिथे घुंगरू होते तिथली भोकं अजून माझ्या पट्ट्यांवर आहेत. उपाशीपोटी असून ज्याने माझ्यावर इतकी मेहनत घेतली, त्या आश्रुबाचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढे राधाकिशन सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला लागला. ऊस कुठे किती उभा आहे, कधी तोडणीला येईल, हे बांधाबांधाने फिरून पाहायचं त्याचं काम. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. मात्र पावसाळ्यात कारखान्याचं धुराडं थंड झालं, की माझा हंगाम सुरू व्हायचा. रविवार उजाडला की मी सायकलच्या कॅरिअरवर आणि कारखान्याच्या कचेरीतली रद्दी वर्तमानपत्रं माझ्या पोटात. काय काय नाही दाबलं मी त्या वर्षांत. कुसळाची गवतं, तेरडा, भुईला चिकटून वाढणाऱ्या, नावंही नसलेल्या वनस्पती. पुण्याच्या सरांनी एकदा पत्रात लिहिलं होतं, की तुमचे नमुने फार सुरेख वाळवलेले असतात. राधाकिशनने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. वाळवलं होतं मी, पण असो.

त्याची बायको मंजुळाबाई मोठी व्यवहारी बाई. घरात इस्त्री नव्हती. कारखान्यात सभा असली की ती राधाकिशनचा पांढरा सदरा घडी घालून माझ्या जाळीत दाबायची. सभेत त्याच्या सदऱ्याची घडी सगळ्यांत कडक असायची. मला हा अपमान वाटायचा, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायचा.

सगळं मिळत होतं, कंदीलफूल तेवढं मिळत नव्हतं. प्रत्येक भादव्यात राधाकिशन त्याच डोंगरावर जायचा. वाटेत जो भेटेल त्याला विचारायचा, कंदिलासारखं फूल येतं तो वेल कुठे पाहिला का. लोक बिचारे भले. कुणी कळलावीचं लालपिवळं फूल आणून द्यायचं. एका किराणा दुकानदाराने तर फडताळातून खराखुरा कंदील काढून, हा चालेल का म्हणून विचारलं. फूल मात्र कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

डोंगराच्या माथ्यावर सपाटी होती. राधाकिशन तिथे भाकरी खायला बसायचा. माझे पट्टे तोवर सैल पडू लागले होते, म्हणून ताजी झाडं दाबली की तो वरून वजन ठेवायचा. त्या सपाटीवर जागोजागी तीन-तीन चपटे दगड एकावर एक रचलेले असत. पोरांचा खेळ असेल, असं त्याला वाटे. तो त्यातले दोनचार उचलून माझ्यावर ठेवायचा आणि निघताना तिथेच टाकून द्यायचा. दगड कसे गुळगुळीत, बेताचे, अगदी माझ्या मापाचे. ते माझ्यासाठीच कुणी मांडून ठेवले असावेत, असा माझा समज होता. हे लक्षात ठेवा.

दहा वर्षं अशी गेली. मग एका हंगामात, एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, राधाकिशन एका फडावर ऊसतोड पाहायला गेला होता. वाटेतली गवतं दाबायला त्याने त्या दिवशी मलाही सायकलवर घेतलं होतं. गाडी भरून व्हायची होती, म्हणून तो बांधावर बसला आणि माझे कागद बदलू लागला. माझ्या वरच्या पुठ्ठ्यावर त्याने आपल्या फुलाचं चित्र चिकटवलं होतं. खाली कंद, मधे वेल, वर फूल, सगळं मापाबरहुकूम. तेवढ्यात तोडणीच्या टोळीतली एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन आली. पन्नाशीची, काटक. तिचं नाव बायडाबाई. ती दर वर्षी राधाकिशनच्या त्याच डोंगरातल्या वस्तीवरून घरदार घेऊन तोडणीला यायची. तिने मोळी गाडीपाशी टाकली, पदराने तोंड पुसलं आणि चित्राकडे पाहत उभी राहिली. वरच्या फुलाकडे नव्हे, खालच्या कंदाकडे.

"सायेब, ही तर खरपुडी हाय," ती म्हणाली.

राधाकिशनच्या हातातला कागद तसाच राहिला. दहा वर्षं तो कंदीलफूल, कंदीलफूल करत हिंडला होता, आणि लोक त्या वेलाला त्याच्या कंदावरून ओळखत होते. खरपुडी म्हटलं असतं तर डोंगरातल्या लहान लेकराने बोट दाखवलं असतं. कंद उकडून खायचा असतो, तो श्रावणात खणतात, मग फूल पाहायला वेल उरतोच कुठे. एवढी साधी गोष्ट.

"बाहत्तर साली आमी हिच्यावरच दिवस काढले," बायडाबाई सांगत होती. "माझी तीन लेकरं हिच्यावर जगली."

आता राधाकिशनने तिला हात जोडायला हवे होते. पण दहा वर्षांचा शीण त्याच्या डोक्यात गेला आणि तो नको ते बोलला. म्हणाला, "म्हणजे तुम्हीच ती खाऊन संपवली."

बायडाबाईने खाली वाकून मोळीखालची चुंबळ उचलली.

"भूक लागलती, सायेब. फुलं बघाया येळ नव्हता," ती म्हणाली आणि फडात निघून गेली.

घरी येऊन राधाकिशनने वहीत लिहिलं, की दुष्काळात लोकांनी हा वेल खाऊन नष्ट केला, शोध थांबवत आहे. मला त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. आठ महिने मी तिथे होते. पालीने माझ्या पट्टीत अंडी घातली. मंजुळाबाईही सदऱ्यासाठी मला काढेना, कारण मला पाहिलं की नवऱ्याचा चेहरा उतरतो हे तिच्या लक्षात आलं होतं. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने विषय काढला. काय झालं ते एकदा सांगा तरी, म्हणाली. त्याने सगळं सांगितलं. मंजुळाबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

"बाहत्तरात तुम्ही काय खात होता?" तिने विचारलं.

तो म्हणाला, कॉलेजच्या खाणावळीत होतो, लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी मिळायची.

"भाकरी मिळायची," मंजुळाबाई म्हणाली. "आमच्या घरी आम्ही तरवट्याचा पाला उकडून खाल्ला. मग मलाही म्हणा, मंजुळे, तू तरवटा संपवलास."

दुसऱ्या दिवशी पोळा झाला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने मला खिळ्यावरून काढलं. पालीची अंडी अलगद बाजूला ठेवली. टोळीच्या मुकादमाकडून त्याने बायडाबाईच्या वस्तीचा पत्ता घेतला. तो माफी मागायला निघाला होता हे खरं. पण माफीच मागायची तर मला कशाला घेतलं, हेही मी तुम्हाला सांगून ठेवते. माणसाच्या मनात एका वेळी दोन गोष्टी असतात.

पावसाळ्यात तोडणीवाले आपल्या घरी असतात. बायडाबाई अंगणात शेण्या थापत होती. राधाकिशन सायकल टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो." तिने मान वर केली नाही. हात धुतले, खुरपं घेतलं आणि चालू लागली. काही पावलं गेल्यावर मागे वळून, हा अजून उभाच का म्हणून पाहिलं. मग राधाकिशनही मला काखेत घेऊन तिच्या मागे निघाला.

डोंगराच्या पोटाला एका जागी ती बसली. गवतात बोटं घालून तिने एक वेल धरला, फूल न आलेला, आणि खुरप्याने हळूहळू कडेची माती सारत खाली गेली. छोट्या कांद्याएवढा चपटा कंद वर आला. तिने काय केलं, ते नीट ऐका. वेल वरून कापून टाकला. मग कंदाच्या माथ्याचा, जिथून वेल फुटतो तो, दोन बोटांएवढा तुकडा खुरप्याने काढला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला. माती लोटली, हाताने थापटली. आणि आसपासचे तीन चपटे दगड शोधून एकावर एक असे त्याच्यावर रचले.

राधाकिशन त्या दगडांपाशी उकिडवा बसला. त्याने विचारलं, "मावशी, हे दगड कशाला?"

"ही वेलाची मान," बायडाबाई म्हणाली. "खालचा कंद आपला, वरची मान डोंगराची. डोंगराचा वाटा डोंगराला द्यायचा. पुढच्या सालाला पुन्ना वेल येतो. दगड ठिवला की साळिंदर उकरत न्हाई."

"बाहत्तरातसुद्धा?"

"बाहत्तरात बी. पोटात आग पडलती, पर मान कुणी खाल्ली न्हाई. सासूनं आण घातलती आमाला."

मित्रांनो, मान खाली घालायची जागा म्हणाले होते ती हीच. माथ्यावरच्या सपाटीवर तीन-तीन दगड रचलेले होते, ते काय होतं हे आता तुम्हाला कळलं असेल. बायकांनी श्रावणात कंद खणून, डोंगराचा वाटा ठेवून, त्यावर राखणीला बसवलेले ते दगड. आणि आम्ही भादव्यात जाऊन ते उचलत होतो. जिथे खणून झालं तिथे त्या वर्षी वेल दिसत नाही, म्हणून राधाकिशनला कधी संशय आला नाही. दगड हलले की साळिंदर यायचं आणि मान उकरून खायचं. दहा वर्षांत त्या सपाटीवरची खरपुडी जवळपास निपटली. दुष्काळाने जी संपली नव्हती, ती तिला शोधणाऱ्याने संपवत आणली होती. ते दगड माझ्या पाठीवर ठेवलेले होते, आणि मला त्यांचं कौतुक वाटत होतं.

राधाकिशनने मला गवतात ठेवलं. त्याने बायडाबाईला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न झाकता. किती दगड उचलले ते त्याला आठवेना. बायडाबाईने माथ्याकडे पाहिलं. सपाटीवर वेल का येईनात म्हणून त्या बायका कितीतरी वर्षं कोड्यात पडल्या होत्या. मी वाट पाहत होते की आता ती याला खुरपं फेकून मारते.

"तुला म्हाईत नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "आता म्हाईत झालं."

एवढंच. त्या दिवसापासून ती त्याला सायेब म्हणाली नाही. खाली नेऊन तिने तो कंद उकडला, मीठ लावून त्याच्या हातावर ठेवला. ज्या वेलामागे दहा वर्षं झिजवली, त्याची चव राधाकिशनला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. बटाट्यासारखी, शेवटी किंचित कडसर. तो खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बायडाबाई म्हणाली मीठ जास्त पडलं का. तो नाही म्हणाला.

मग ती त्याला डोंगराच्या अवघड अंगाला घेऊन गेली. तिथे कड्याच्या कपारीत, कुणाचं खुरपं पोचत नाही अशा जागी, एक वेल फुलला होता. त्यावर चार कंदील. वाऱ्याने हलत होते. राधाकिशनने माझे पट्टे सोडले. मी उघडले, कागद पसरले गेले. मित्रांनो, माझा जन्म ज्याच्यासाठी झाला ते फूल माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. राधाकिशनने मुळाशी हात घातला.

"काय करतूस?" बायडाबाईने विचारलं.

त्याने सांगितलं, की हा कंदासकट काढून ह्या चौकटीत वाळवायचा आणि पुण्याला पाठवायचा. पुण्यात कुणी खातं का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, नाही, कागदावर लावून कपाटात ठेवतात.

"खायचं न्हाई, देवाला वाह्याचं न्हाई," बायडाबाई म्हणाली, "मंग तोडायचं कावून?"

ती भांडत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. राधाकिशनने पुरावा म्हणजे काय ते समजावून पाहिलं, नोंदवहीचं सांगितलं, डब्याची फजितीही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, की ह्या अंगाला ही एकच फुलली आहे, हिच्या शेंगा फुटल्या तर म्हातारीसारखं बी उडेल आणि कुठेतरी रुजेल. तू नेलीस तर काय उडणार?

राधाकिशनचा हात बराच वेळ मुळाशी होता. मग त्याने तो काढला, मातीने भरलेला. कागदांची घडी केली आणि माझे पट्टे बांधले. मी रिकामीच परत आले. त्या दिवशी मला त्या बाईचा राग आला होता, हे कबूल करते. लाकडाला राग यायला वेळ लागतो आणि जायलाही.

पुढची पाच वर्षं आम्ही डोंगरावर गेलो ते फूल आणायला नव्हे. श्रावणात बायका कंद खणायच्या तेव्हा राधाकिशन त्यांच्यासोबत असायचा, आणि जिथे दगड कमी पडतील तिथे खालून वाहून आणायचा. माथ्यावरच्या रिकाम्या सपाटीवर बायडाबाईने डोंगराच्या पोटाला खणलेल्यांतल्या काही माना आणून लावल्या. दिवाळीनंतर ती तोडणीला गेली, की तिच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या सपाटीवर लक्ष ठेवायच्या आणि राधाकिशन तिला फडावर जाऊन खबर द्यायचा, की दगड जागेवर आहेत. पुण्याच्या सरांना त्याने काहीच कळवलं नाही. मंजुळाबाईने मला पुन्हा सदऱ्याच्या कामाला लावलं. राधाकिशनचे केस पांढरे व्हायला लागले. मला वाटलं, आता माझं आयुष्य घड्या बसवण्यातच जाणार.

सत्त्याऐंशीच्या भादव्यात आम्ही सपाटीवर गेलो. बायडाबाई पुढे होती. तिला चढताना धाप लागत होती, दोनदा बसावं लागलं. वर पोचलो तर गवतात जिकडे पाहावं तिकडे कंदील. राधाकिशन मोजायला लागला आणि पस्तिसाच्या पुढे त्याला मोजवेना. तो नुसता उभा राहिला. बायडाबाईने एक चांगला, भरपूर फुललेला वेल निवडला आणि ती खुरपं घेऊन त्याच्यापाशी बसली.

"आता ने, बाबा, एक," ती म्हणाली. "तुज्या सरांना दाव."

राधाकिशन म्हणाला, नको मावशी, राहू दे. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. कडेची माती सारून कंद मोकळा केला. वेल हलक्या हाताने कापून त्याच्या हातात दिला, कंद दिला. आणि मधली दोन बोटांची मान तिने खड्ड्यात ठेवली, माती लोटली, दगड रचले. अख्खा वेल हवा असतो, मान काढली तर नमुना अपुरा होतो, हे राधाकिशनच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. ते त्याने गिळलं. त्याने माझे पट्टे सोडले.

आठ दिवस ते फूल माझ्या पोटात होतं. एवढं जपून मी कधी काही धरलं नाही. पाऊस होता, कागद सुकेनात, तेव्हा मंजुळाबाईने चुलीपाशी बसून एकेक कागद शेकला आणि दिवसातून दोनदा बदलला. नवव्या दिवशी मला उघडलं तेव्हा पाचही जांभळ्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या होत्या, जशा डोंगरावर होत्या तशा. राधाकिशनने वेल आणि कंद पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावले. दोहोंच्या मधे दोन बोटं जागा कोरी ठेवली. खाली चिठ्ठी लावली आणि गोळा करणाऱ्याच्या जागी नाव लिहिलं, बायडाबाई.

दिवाळी झाल्यावर पुण्याहून सरांचं पत्र आलं. ते आता थकले होते, अक्षर हलत होतं. त्यांनी लिहिलं होतं, की सतरा वर्षांपूर्वीचा डबा मला आठवतो, आणि त्या हसण्याबद्दल मला क्षमा करा. नमुना अप्रतिम आहे, नोंद घेत आहोत. मात्र वेल आणि कंद यांच्या मधला भाग गहाळ दिसतो, तो पाठवता येईल का.

राधाकिशनने पोस्टकार्ड घेतलं, मला कॅरिअरवर घातलं आणि फडावर जाऊन बायडाबाईला पत्र वाचून दाखवलं. गहाळ म्हणजे काय, तिने विचारलं. हरवलेला, तो म्हणाला. बायडाबाई हसली. मग तिथेच बांधावर बसून, पोस्टकार्ड माझ्या पाठीवर ठेवून, त्याने उत्तर लिहिलं. माझ्यावर लिहिलं गेलेलं तेवढं एकच पत्र, म्हणून मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "सर, तो भाग गहाळ नाही. तो डोंगराचा वाटा आहे आणि डोंगरातच आहे. पुढच्या भादव्यात त्याला फूल येईल, तेव्हा आपण पाहायला या."

सर आले की नाही, असं तुम्ही विचाराल. आले. वस्तीवरच्या दोन बायकांच्या आधाराने चढले, आणि वर पोचल्यावर चष्मा काढून पुसत राहिले.

मित्रांनो, राधाकिशनने निवृत्त होताना मला तुमच्या शाळेला दिलं. मला कुणाविषयी तक्रार नाही. ज्यांनी मला घडवलं, वापरलं, खिळ्याला टांगलं आणि पुन्हा उतरवलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि त्या बाईची सगळ्यांत जास्त, जिने मला एकदा रिकामं परत पाठवलं. तुम्ही मला कपाटावरून खाली काढलंत तर मला आनंद होईल. पट्टे तेवढे बदलून घ्या. आणि माझ्यात काही ठेवण्याआधी त्या रानात राहणाऱ्या माणसांना भेटा. त्यांना फुलाचं नाव विचारू नका, ते तुमच्या पुस्तकात सापडेल. या मातीतून तुम्ही काय खाता आणि तिला परत काय देता, एवढं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हात मागे ठेवा.

पुण्याच्या त्या कपाटात आजही तो पुठ्ठा आहे. वर वेल, खाली कंद आणि मधे दोन बोटं कोरी जागा. मी दाबलेल्या शेकडो नमुन्यांत तेवढा एकच अपुरा आहे, आणि मला सगळ्यांत जास्त अभिमान त्याचा आहे.